मूळ पुरुष बीव्हरच्या मागे गेला होता का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमधून आपलं घराणं कसं शोधावं यावर या सदरात लिहिलं, तेव्हा काही पत्रं अगदी अनपेक्षित दिशेने आली. जावई किंवा सून कॅनडाची. नातवंडांची एक बाजू कोकणात नाहीतर देशावर, आणि दुसरी सेंट लॉरेन्स नदीच्या काठी. त्या दुसऱ्या बाजूचा कुलवृत्तांत कसा काढायचा, असं बहुतेकांनी विचारलं आहे. या वेळी फक्त तीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमचे जावई मॉन्ट्रियलचे. आडनाव रॉय, बंगाली नव्हेत, पिढ्यान् पिढ्या तिथले फ्रेंच. 'आम्ही १६६५ साली आलेल्या एका सैनिकाचे वंशज' असं त्यांच्या घरात सांगतात. नातीला वंशावळ लिहायची आहे. त्या सैनिकापासून सुरुवात करावी का? (पुणे)

उत्तर : नको. सैनिकापासून खाली उतरायला लागलं की दर पिढीला दहा फाटे फुटतात, आणि ओळखीचं आडनाव दिसलं की माणूस तोच फाटा धरतो. नातीपासून वर चढा.

क्यूबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, वर चढणं इतर बहुतेक वसाहतींपेक्षा सोपं आहे. तिथल्या कॅथलिक चर्चच्या वहीत लग्नाची नोंद करताना वर आणि वधू दोघांच्याही आईवडिलांची नावं लिहीत, आयांची तर माहेरच्या आडनावासकट. एका नोंदीत दोन पिढ्या एकत्र सापडतात. त्यामुळे तिथले जाणकार जन्मतारखांच्या मागे न लागता लग्नावरून लग्नावर जातात : जावयांच्या आईवडिलांचं लग्न, मग आजी-आजोबांचं, मग पणजोबांचं. १६६५ पर्यंत पोचायला साधारण दहा-बारा लग्नं लागतात. साखळी अडते ती बहुधा बिजवराच्या किंवा विधवेच्या लग्नापाशी. तिथे आईवडिलांऐवजी 'अमक्याची विधवा' एवढंच लिहिलेलं असतं. मग तिचं पहिलं लग्न शोधायचं आणि आईवडील तिथून घ्यायचे.

अलीकडच्या दोन-तीन पिढ्या घरातल्या कागदांवरून जुळवा. त्यामागे गेलात की 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर क्यूबेकच्या कॅथलिक नोंदवह्यांची छायाचित्रं १६२१ पासून फुकट बघता येतात, फक्त खातं उघडावं लागतं. मॉन्ट्रियल विद्यापीठाने १९६६ पासून याच नोंदी माणसागणिक जुळवून ठेवल्या आहेत. 'पी.आर.डी.एच.' नावाची ती सूची १६२१ पासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा काळ व्यापते. तपशील पाहायला पैसे पडतात, पण एकेक नोंद उलटण्याचे महिने वाचतात. सूचीत माणूस सापडला, तरी मूळ पान उघडून वाचाच. १९९४ पर्यंत चर्चची वही हीच तिथली सरकारी जन्म-मृत्यू नोंद होती. तिच्या दोन प्रती होत, एक चर्चमध्ये राही आणि दुसरी न्यायालयात जाई. एक प्रत जळाली, भिजली, तरी दुसरी असण्याचा संभव मोठा. क्यूबेक शहराच्या अगदी सुरुवातीच्या नोंदी मात्र १६४० च्या आगीत गेल्या आणि नंतर लोकांना विचारून, आठवणीवरून पुन्हा लिहिल्या गेल्या. त्या काळातल्या तारखांवर फार भार टाकू नये.

आता रॉय. फ्रेंच उच्चार 'र्‌वा', अर्थ राजा. या आडनावाची एकमेकांशी काही नातं नसलेली कितीतरी माणसं फ्रान्सहून आली, म्हणून नुसत्या आडनावावरून काही ठरत नाही. त्यात भर 'दि' या शब्दाची. हा 'दि' म्हणजे आपला 'ऊर्फ'. कारिन्यान-सालिएर रेजिमेंटबरोबर १६६५ मध्ये अन्त्वान रॉय ऊर्फ देजार्दँ नावाचा सैनिक आला. त्याच्या वंशात पुढे कोणी रॉय राहिले, कोणी देजार्दँ झाले. दोन सख्खे भाऊ दोन आडनावांनी नोंदलेले आढळतात, आणि एकच माणूस लग्नात एका नावाने, मुलाच्या बाप्तिस्म्यात दुसऱ्या नावाने. शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. घराण्याची एखादी शाखा अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात गिरण्यांमध्ये कामाला गेली असेल, तर तिसरं नावही हाताशी ठेवा : तिथे रॉयचे 'किंग' झाले, ब्वाव्हेरचे 'ग्रीनवुड' आणि लब्लाँचे 'व्हाइट'.

बायका शोधणं त्या मानाने सोपं. आपल्याकडे सासरी गेल्यावर पहिलं नावसुद्धा बदलायचं. त्या वह्यांमध्ये बाई जन्मभर माहेरच्या आडनावाने राहते, अगदी दफनाच्या नोंदीतही. सासरच्या आडनावाने शोधलंत तर हाती काहीच लागत नाही, आणि नोंदच नाही असा समज होतो.

सैनिकाची बायको 'राजाची मुलगी' होती, असंही घरात सांगत असतील. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत चौदाव्या लुईच्या खर्चाने सुमारे ८०० मुली लग्नासाठी तिकडे धाडल्या, त्यांना हे नाव पडलं. जुन्या फ्रेंच घराण्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वंशावळीत त्यांच्यापैकी कोणी ना कोणी निघते. सांगणारा खोटं बोलत नसतो, फक्त फार विशेष काही सांगत नसतो.

प्रश्न : १७व्या-१८व्या शतकातलं फ्रेंच अक्षर वाचताच येत नाही. तारखासुद्धा चुकतात. (ठाणे)

उत्तर : मोडी शिकताना जे करतो तेच इथेही. एकाच पाद्र्याची सलग वीस पानं घ्या आणि आधी ठरावीक वाक्यं ओळखा. 'सही करता येत नाही असे सांगितले' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक नोंदीच्या शेवटी येतं. त्यावरून त्या हाताची वळणं कळतात. मग नावांकडे वळा.

तारखांच्या चुकीचं कारण बहुधा महिन्यांची आखूड रूपं. ७ चा आकडा आणि त्याला चिकटून 'ब्र' दिसलं, तर तो जुलै नाही, सप्टेंबर आहे. फ्रेंचमध्ये सातला 'सेत' म्हणतात. तसंच ८ला 'ब्र' लागलं की ऑक्टोबर, ९ला लागलं की नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे फुलीसारख्या अक्षराला लागलं की डिसेंबर. दुसऱ्यांनी बनवलेल्या वंशावळींत जुलै-ऑगस्टमधले कितीतरी जन्म या एका गफलतीतून आलेले असतात.

प्रश्न : मुलीच्या सासरी म्हणतात, आमचा खापरपणजोबा फरच्या व्यापारात होता. हे तपासायचं कसं? (मिसिसागा)

उत्तर : आधी 'व्यापारात होता' म्हणजे काय ते ठरवा. व्यापारी फार थोडे. बहुतेकजण 'व्हॉयाजूर', म्हणजे होडी वल्हवणारे, ओझी वाहणारे पगारी गडी. आणि परवाना न घेता जंगलात जाऊन बीव्हर या फरसाठी मारल्या जाणाऱ्या नदीकाठच्या प्राण्याची कातडी आणणारे 'कुरर द ब्वा' वेगळे. त्यांनी करारनामे केले नाहीत, सापडलेच तर खटल्यांच्या कागदांत.

व्हॉयाजूरचा करार मॉन्ट्रियलच्या नोटरीपुढे होई. १७१४ ते १८३० मधले असे सुमारे ३५ हजार करारनामे विनिपेगमधल्या सेंट बोनिफेसच्या इतिहास मंडळाने सूचीबद्ध केले आहेत आणि सूची फुकट बघता येते. करारात गड्याचं नाव, त्याचं गाव, कामावर घेणारा, कुठे जायचं, किती काळ आणि पगार किती, एवढं मिळतं. होडीतली जागाही लिहिलेली असते : पुढे बसणारा, मागे सुकाणू धरणारा आणि मधले. टोकाच्या दोघांना मधल्यांपेक्षा जास्त पगार. दर वर्षीचे करार ओळीने लावले की माणूस मधल्या जागेवरून टोकाला केव्हा गेला तेही कळतं.

मुदत नीट वाचा. मॉन्ट्रियलहून मोठ्या सरोवरांपर्यंत माल नेऊन शरदात परतणाऱ्यांना 'डुकराची चरबी खाणारे' असं हिणवत. त्यांचा संसार क्यूबेकच्या गावातच होत असे, त्यामुळे मुलांचे बाप्तिस्मे तिथेच शोधा. 'हिवाळा काढणारे' दोन-तीन वर्षांच्या बोलीने आत वायव्येला जात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा दुसरा संसार तिकडे होता, आणि तो क्यूबेकच्या वहीत दिसत नाही. ओझ्यांचा हिशेब सांगितल्याशिवाय या माणसांची कल्पना येणार नाही : एक गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४१ किलो, आणि नदीत धबधबा आडवा आला की प्रत्येकाने असे दोन-दोन पाठीवर घेऊन चालायचं.

चूक इथे होते : सोरेल, बेर्तिए, मास्किनोंजे या गावांतून पिढ्यान् पिढ्या गडी जात, आणि एकेका गावात एकाच नावाचे चार-चार चुलतभाऊ असत. करारात वय आणि बापाचं नाव सहसा नसतं, म्हणून नुसता करार सापडला म्हणजे तुमचा पणजोबा सापडला असं होत नाही. करारांच्या तारखा घरच्या बाप्तिस्म्यांशेजारी मांडा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत शेवटी वडिलांची सही किंवा 'वडील गैरहजर' असा शेरा असतो. तुमचा माणूस कराराप्रमाणे सरोवरापलीकडे असायला हवा त्या जुलैत जर तो गावच्या चर्चमध्ये मुलाला घेऊन उभा असेल, तर करार दुसऱ्या कोणाचा आहे.

प्रश्न : सुनेचे पूर्वज स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरून हडसन्स बे या फरच्या व्यापारी कंपनीत गेले होते. कंपनी तर बुडाली. कागद कुठे मिळतील? (एडमंटन)

उत्तर : कंपनीची दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, पण दफ्तराला धक्का लागलेला नाही. ते १९७४ मध्येच लंडनहून विनिपेगला आलं आणि १९९४ मध्ये कंपनीने ते मॅनिटोबा प्रांताला देऊन टाकलं. १६७० च्या सनदेपासूनची कंपनी. आणि हिशेबी इतकी, की गड्याने उधारीवर चाकू किंवा घोंगडं घेतलं तरी ते वहीत आहे.

पहिलं काम म्हणजे दफ्तराच्या संकेतस्थळावर 'चरित्रपत्रक' बघणं. हजारो नोकरांची अशी एक-दोन पानी पत्रकं तयार आहेत : मूळ गाव, कामाला लागल्याचं साल, हुद्दा, ठाणं आणि प्रत्येक ओळीपुढे मूळ कागदाचा क्रमांक. पत्रक सगळ्यांचं नाही. नसलं तर माणूस नव्हताच असं समजू नका.

क्रमांक वाचता आला पाहिजे. 'ए' म्हणजे लंडनची कचेरी, 'बी' म्हणजे व्यापाराची ठाणी, 'सी' जहाजं, 'एफ' मध्ये प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनी वगैरे. 'बी' पुढचा आकडा ठाण्याचा; २३९ म्हणजे यॉर्क फॅक्टरी. त्यापुढचं अक्षर कागदाचा प्रकार सांगतं : 'ए' रोजनिशी, 'डी' हिशेब, 'जी' नोकरांच्या खात्यांचा गोषवारा. करारनामे ए.३२ मध्ये, मृत्युपत्रं ए.३६ मध्ये. मृत्युपत्र मिळालं तर आधी ते वाचा. तिकडची बायको आणि मुलं नावानिशी सापडण्याची सगळ्यात मोठी शक्यता तिथे.

ऑर्कनीची अडचण म्हणजे नावं. १८व्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या नोकरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश याच बेटांवरचे होते आणि फ्लेट, लिंकलेटर, इस्बिस्टर, स्पेन्स, सिंक्लेअर अशी मोजकी आडनावं त्यांना पुरत होती. जॉन आणि विल्यम तर घरोघर. म्हणून नोकरांच्या याद्यांतला पॅरिशचा, म्हणजे एका चर्चखालच्या मुलखाचा, रकाना, हॅरे की ऑर्फर की बर्से, सोडू नका. एक जॉन फ्लेट दुसऱ्यापासून वेगळा करायला बहुतेक वेळा तेवढंच हाती असतं. पॅरिश कळली की स्कॉटलंडच्या जुन्या पॅरिश नोंदी 'स्कॉटलंड्स पीपल'वर आहेत, पानागणिक पैसे देऊन.

तारखांचे दोन सापळे आहेत. कंपनीचं हिशेबी वर्ष १ जून ते ३१ मे. खात्यात '१८२५' लिहिलेला मृत्यू १८२६ च्या एप्रिलमधला असू शकतो. दुसरा सापळा जुना : १७५२ पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, पण स्कॉटलंडमध्ये १६०० पासूनच ते १ जानेवारीला सुरू होत होतं. त्यामुळे १७३० च्या फेब्रुवारीतला एकच दिवस लंडनच्या कागदात १७२९ आणि ऑर्कनीच्या चर्चमध्ये १७३०. दोन कागदांत वर्षाचा फरक दिसला म्हणून दोन माणसं करू नका.

प्रश्न : नवरा सापडला, पण बायकोच्या जागी फक्त 'इंडियन बाई' एवढंच. ती कोण, हे कधी कळेल का? (विनिपेग)

उत्तर : पुष्कळदा कळतं. पण नवऱ्याच्या कागदांत शोधत बसू नका, मुलांच्या कागदांत शोधा.

ठाण्यांवर पाद्री नव्हते. क्री, ओजिब्वे आणि इतर समाजांतल्या मुलींशी लग्नं 'देशरीती'ने, म्हणजे तिच्या घरच्यांच्या संमतीने आणि भेटीदेखल वस्तू देऊन होत. ही लग्नं खरी होती का, यावर मॉन्ट्रियलमध्ये खटलाच झाला. नॉर्थ वेस्ट कंपनीच्या विल्यम कॉनलीने १८०३ मध्ये क्री समाजातल्या सुझानशी असं लग्न केलं आणि १८३२ मध्ये तिला सोडून चर्चमध्ये दुसरं. १८६७ मध्ये न्यायालयाने सुझानचं लग्न कायदेशीर ठरवलं. त्या दोघांची मुलगी अमेलिया ही पुढे ब्रिटिश कोलंबियाचा पहिला गव्हर्नर जेम्स डग्लस याची बायको.

१८२१ मध्ये हडसन्स बे आणि नॉर्थ वेस्ट या दोन्ही कंपन्या एक झाल्या, ठाणी कमी झाली, आणि बरीच कुटुंबं आजच्या विनिपेगजवळच्या रेड रिव्हर वसाहतीत उतरली. तिथे कॅथलिक पाद्री १८१८ मध्ये पोचले होते, अँग्लिकन १८२० मध्ये. मग वीस-वीस वर्षांचे संसार चर्चमध्ये नोंदले जाऊ लागले. आईबापांचं लग्न आणि मोठ्या मुलाचा बाप्तिस्मा एकाच दिवशी दिसला, तर ती लिहिणाऱ्याची चूक नव्हे. सेंट बोनिफेसचं कॅथेड्रल १८६० मध्ये जळालं, तेव्हा जुन्या वह्यांचा मोठा भाग गेला. त्या भोकाला ठिगळ म्हणजे स्क्रिपचे, म्हणजे जमिनीच्या किंवा पैशाच्या सरकारी हक्कपत्राचे, अर्ज.

१८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला, तेव्हा मेटी, म्हणजे अशा संसारांतून तयार झालेल्या समाजातल्या, कुटुंबांसाठी १४ लाख एकर जमीन ठेवायचं ठरलं. नंतर वायव्य भागातही १८८५ पासून आयोग फिरले. हक्क सांगणाऱ्याला १६० किंवा २४० एकरांचा, नाहीतर तेवढ्याच डॉलरचा कागद मिळे. जमीन बहुतेकांच्या हाती राहिली नाही, दलालांनी ते कागद स्वस्तात उचलले, आणि त्याची भांडणं अजून मिटलेली नाहीत. पण अर्जाबरोबरचं शपथपत्र वंशावळीसाठी सोनं आहे. त्यात अर्जदार कुठे आणि केव्हा जन्मला, बापाचं नाव, आईचं नाव, लग्न कधी आणि कोणाशी, मुलं किती, जगलेली कोण, गेलेली कोण आणि कधी, हे सगळं ओळीने. खाली बहुधा सहीऐवजी फुली आणि 'क्री भाषेत वाचून दाखवले' असा शेरा. मेलेल्या आईच्या वाट्यासाठी वारसांनी केलेला अर्ज मिळाला तर सगळी भावंडं एकाच पानावर. ओटावाच्या राष्ट्रीय दफ्तरात हे कागद 'आर.जी. १५' या गटात आहेत आणि त्यांची छायाचित्रं फुकट बघता येतात. शोधताना 'हाफ-ब्रीड' हा त्या काळचा शब्द टाकावा लागतो. आज तो अपमानकारक आहे, पण सूची तशीच आहे.

एक खूणगाठ बांधा. फ्रेंच नोंदींत 'मार्गरीत सोतोज' किंवा 'लुईज क्रीज' असं दिसलं, तर सोतोज, क्रीज ही आडनावं नव्हेत, समाजाची नावं आहेत : सोतो समाजाची मार्गरीत, क्री समाजाची लुईज. 'क्रीज घराणं' शोधत निघालात तर ते मिळणार नाही, आणि दोन वेगळ्या लुईज एकच धराल. सगळ्या भावंडांचे अर्ज काढा. एकाने आईचं नुसतं बाप्तिस्म्याचं नाव दिलेलं असतं, दुसऱ्याने तिचं मूळ क्री नाव, तिसऱ्याने तिच्या बापाचं.

प्रश्न : सुनेच्या डीएनए चाचणीत १ टक्का 'मूळ अमेरिकी' आलं. १७व्या शतकातली एक आजी तिथल्या जमातीतली होती असं घरात सांगतात. नातवंडांना मेटी म्हणून कार्ड मिळेल का? (नागपूर)

उत्तर : एवढ्यावर नाही, आणि मिळू नये असंच आमचं मत.

मेटी म्हणजे 'थोडं मिश्र रक्त' नव्हे. तो स्वतःचा इतिहास, भाषा आणि गावं असलेला समाज आहे. सू सेंट मरी इथल्या पाउली बापलेकांच्या मूस हरणाच्या शिकारीवरून झालेल्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या : माणूस स्वतःला मेटी मानत आला पाहिजे, ऐतिहासिक मेटी समाजाशी त्याचं पूर्वजांकडून नातं हवं, आणि आजच्या समाजाने त्याला आपलं मानलं पाहिजे. साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक आजी यातल्या एकाही कसोटीला पुरत नाही. क्यूबेकमध्ये १६४४ मध्ये मार्टिन प्रेव्हो आणि मारी ऑलिव्हिए मानितुआबेविश यांचं लग्न झालं. त्यांचे वंशज आज हजारोंनी आहेत आणि त्यातले बहुतेक स्वतःला सरळ फ्रेंच कनेडियन म्हणवतात.

आकड्याचंही तसंच. दहा पिढ्यांमागे प्रत्येकाच्या वंशावळीत १,०२४ जागा असतात. त्यातल्या एकीचा वाटा सरासरीने ०.१ टक्क्याहून कमी, आणि बऱ्याच जणांचा तर काहीच उरत नाही. एक टक्का हा कधी खरा असतो, कधी नुसता गोंगाट. आणि जुनी फ्रेंच घराणी एकमेकांत इतकी गुंतलेली, की चाचणीत 'चुलत भावंड' म्हणून दिसणारा माणूस दहा वाटांनी लांबचा निघतो. घरातली कथा एका ठरावीक आजीबद्दल असेल तर तिच्यापासून मुलीची मुलगी, तिची मुलगी अशी न तुटणारी ओळ आज कुणापर्यंत येते ते कागदांवरून काढा आणि त्या व्यक्तीची मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएची, चाचणी करा. ए, बी, सी, डी किंवा एक्स गटांतली अमेरिकी शाखा आली तर आजी तिकडची. युरोपी गट आला तर कथा संपली.

प्रश्न : न्यू यॉर्क राज्यातल्या ऑल्बनीतली डच घराणी याच धंद्यातली ना? जावयाचं आडनाव डच, पण १७०० च्या मागे ते गायबच होतं. (न्यू जर्सी)

उत्तर : गायब होत नाही, तेव्हा ते नव्हतंच. ऑल्बनीचं जुनं नाव बेव्हरवेक, त्यात बीव्हरच आहे. १६६४ मध्ये इंग्रजांनी वसाहत घेतली, त्याआधी आणि नंतरही काही काळ डच लोक आडनावाऐवजी बापाचं नाव लावत : यानचा मुलगा यान्सेन, आणि त्याच्या मुलाचं पुन्हा वेगळं. आपल्या मधल्या नावासारखंच, म्हणून मराठी माणसाला हे लवकर उमगतं. बाप्तिस्म्याच्या नोंदी न्यू यॉर्कच्या डच चर्चमध्ये १६३९ पासून आहेत, ऑल्बनीत १६८३ पासून. त्यांत साक्षीदारांची नावं आधी वाचा. ते बहुधा आजी-आजोबा, काका, मामा असतात. पहिल्या मुलांना आजोबांची नावं ठेवायची चालही आपल्यासारखीच, तेव्हा मुलांची नावं क्रमाने मांडली की वरची पिढी ओळखू येते. १६८३ च्या आधीच्या ऑल्बनीसाठी चर्च सोडा आणि न्यायालयाचे, जमिनीचे कागद काढा. उधारीचे बरेच हिशेब तिथे बीव्हरच्या कातड्यांत मांडलेले आहेत.